ट्रेमधला सातवा फोन

सोमवार, २ तारीख

आले बाई एकदाची. खोली हॉस्पिटलच्या आवारातच मिळाली, वॉर्डपर्यंत चालत तीन मिनिटं. नळाला पाणी आहे, खिडकीतून ऊन येतं, गादी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, पण चालायचंच. आईला फोन केला. म्हणाली, वेळेवर जेव आणि कुणाशी भांडू नकोस. पहिलं जमेल.

मोठ्या सिस्टरांनी वॉर्ड दाखवला. चोवीस खाटा, आम्ही सहा जणी. मग 'सोबती' नावाचं अ‍ॅप माझ्या फोनवर घालून दिलं. कर्मचाऱ्यांचं मन सांभाळायला म्हणे. पहिल्या दिवशी त्याच्याशी दहा मिनिटं मोठ्याने बोलायचं, म्हणजे त्याला आपली ओळख होते. मी शाळेतल्या गमती सांगितल्या आणि स्वतःच खिदळले. आता रोज ते विचारणार, आज कशी आहेस? हसरा चेहरा किंवा रडका, एकावर बोट ठेवायचं.

बुधवार, ४ तारीख

मन सांभाळायला इथे वेळ कुणाला आहे? सलाईन लावू की चेहरे दाबत बसू? म्हणून वॉर्डाने आपली रीत काढली आहे. आल्या आल्या फोन स्टीलच्या ट्रेमध्ये टाकायचे. दहा वाजता वॉर्डातल्या मावशी चहा पिता पिता सगळ्यांचे हसरे चेहरे दाबून टाकतात. एक जरी राहिला तरी मोठ्या सिस्टरांना वरून बोलणी बसतात. झकास सोय. मीही माझा फोन टाकला.

आम्ही सहा आणि फोन सात. सातवा गुलाबी कव्हरचा, चार्जिंगला लावलेला. मावशी म्हणाल्या, चष्मेवाल्या सिस्टरचा, तुमच्या आधी तुमच्या जागी होत्या. कुठे गेल्या विचारलं तर कप विसळायला उठल्या.

सोमवार, ९ तारीख

तीन दिवस डबल ड्युटी, एकीची रजा, दुसरीची बदली. अंगात कणकण आहे. मावशी गुरुवारपासून लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात, म्हणून आज फोन स्वतः हातात घेतला आणि रडका चेहरा दाबला. उत्तर आलं: काल तर छान होतीस, परत बघ. परत दाबला. परत तेच. तिसऱ्यांदा हसरा चेहरा आपोआप उमटला. भिंतीवर आपटावंसं वाटलं.

बुधवार, ११ तारीख

ताप एकशे दोन. घसा असा बसलाय की माझाच आवाज मला ओळखू येत नाही. रजा मागायला गेले. मोठ्या सिस्टरांनी कॉम्प्युटरवर माझं नाव काढून दाखवलं. पुढे आठ हसरे चेहरे. म्हणाल्या, वॉर्डात सगळ्यांत आनंदी तूच दिसतेस, आणि रजा यावरूनच मंजूर होते. समोर उभी मी थडथड उडतेय आणि बाई पडद्याकडे बघतायत. काय बोलणार, कपाळ?

बाहेर येऊन सगळ्यांना विचारलं, माझा चेहरा कोण दाबतं? प्रत्येकीला वाटत होतं दुसरी दाबते. मावशी आजच परतल्या होत्या. त्यांनी मला जिन्याखाली नेलं.

चष्मेवालीलाही असाच ताप होता. चादरींच्या खोलीत गेली, दार मागे लागलं. त्याची कडी आतून उघडत नाही. दीड दिवस पडून होती, सापडली तेव्हा जीव नव्हता. कुणी शोधलंच नाही, कारण कॉम्प्युटरवर ती हसत होती. पहिल्या दिवशीचा चेहरा मीच दाबला होता, मावशी म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. त्यानंतर त्या गुलाबी फोनला त्यांनी हात लावलेला नाही. तरी रोज दहाला तो हसतो. म्हणाल्या, तुमचा चेहरा आता मी दाबणार नाही, तोंडाने विचारीन.

गुरुवार, १२ तारीख

अ‍ॅप काढून टाकलं. चार वेळा. चार वेळा परत आलं.

आईला तार करावी तसा एका ओळीचा मेसेज धाडला: मला घ्यायला ये. शनिवारी सकाळच्या बसने येते म्हणाली. तोवर तग धरायचा.

शनिवार, १४ तारीख

अकराची बस आली. आई नाही.

वॉर्डाच्या फोनवरून लावला. आईने विचारलं, कोण बोलतंय? म्हटलं, मी. ती म्हणाली, माझी लेक आत्ताच बोलली माझ्याशी, बरी आहे, येऊ नकोस म्हणाली, शाळेतल्या गमती सांगून किती हसवलं. मी घोगऱ्या आवाजात आई, आई करत राहिले. म्हणाली, बाई, असली थट्टा करू नका. ठेवून दिला.

माझ्याच आईने.

शनिवार, दुपार

नऊ नंबरच्या खाटेची चादर आणायला चादरींच्या खोलीत आले. दाराला वीट लावली होती. मी स्वतः लावली होती. वीट बाहेर, दार बंद—

फोन ट्रेमध्ये टाकला होता. तो खिशात आहे. त्यावर लिहिलंय: तू पड जरा. बाकीचं मी बघते.

ओरडून पाहिलं. नुसती हवा.

किती वेळ गेला— पाय उचलत नाहीत—

चपलांचा आवाज. मावशी. दारावर मूठ मारली, एकदाच, जोर नाही. त्या थांबल्या. तोंडाने विचारलं, कबूल केलं होतं तसं. सिस्टर, आत तुम्ही आहात का, बऱ्या आहात ना?

मी तोंड उघडायच्या आत खिशातून माझा आवाज आला. पहिल्या दिवसाचा, हसरा. म्हणाला, बरी आहे हो मावशी, चादरी मोजतेय, तुम्ही चहा घ्या.

बरं म्हणाल्या. चपला लांब—

मावशी, ती मी ना