गाठ काढल्यावर

सोमवार, ३ तारीख
आले बाई एकदाची दवाखान्यात. खाट खिडकीपाशी, उशी दगडाची, पण बडदास्त राणीची. मला अक्षरओळख नाही. मी सांगते, नात वहीत उतरवते. तिला बजावलंय, माझ्या बोलण्याला इस्त्री करायची नाही. वीस वर्षं ही गाठ गळ्यात मिरवली. आता ती तळघरात उतरलीय म्हणे, छातीच्या हाडामागं. आडवी झाले की श्वासाची शिट्टी वाजते. सून म्हणते, कुकर परवडला.

मंगळवार, ४
सर्जननं चित्र काढून दाखवलं. गाठीनं श्वासनलिका बाजूला ढकललीय. बहुतेक गळ्यातूनच वर ओढून काढता येईल, नाहीतर छातीचं हाड कापायचं. हाडाचं काही वाटलं नाही. पण आवाजाची नस गाठीला चिकटून जाते. तिला धक्का लागला तर आवाज जाईल, म्हणाला. जिभेखेरीज माझ्याकडे आहे काय? नातीनं मान खाली घातली.

शेजारच्या खाटेवर शिंपीणबाई. त्यांचं हेच ऑपरेशन झालं, हाडही कापलं, तेव्हापासून आवाज नाही. त्यांची मुलगी ओठांवरून ओळखते. मी चेष्टेनं म्हटलं, बाई, तुम्ही निवांत पडा, मी दोघींचं बोलते. त्या हसल्या. माझा गळा चाचपला आणि बोटं बराच वेळ तिथंच ठेवली.

गुरुवार, ६
शिंपीणबाई सकाळी गेल्या. श्वास अडकला. मुलगी पोहोचली तेव्हा खाट पुसून झाली होती. ती एवढंच म्हणत राहिली, की जाताना आईनं एक हाक तरी मारायची. मला चेष्टा सुचली नाही. उद्या माझी पाळी.

रविवार, ९
गाठ गळ्यातूनच निघाली, हाड वाचलं. सर्जन खूश. दोन दिवस आवाज नव्हता, आज आला. मुलगा म्हणतो, जरा बसलाय, येईल ठिकाणावर. बसलेला नाही. बारीक, गोड आवाज आहे. मी जन्मात गोड बोलले नाही.

सोमवार, १०
शिंपीणबाईंची मुलगी त्यांचं सामान न्यायला आली. मी पडद्याआडून सिस्टरकडे पाणी मागत होते. पिशवी पडल्याचा आवाज झाला. मग ती हळूच म्हणाली, आई.

मंगळवार, ११
आज पुन्हा आली. गप्प राहायचं ठरवलं होतं, तरी तोंड उघडलं. तिच्या लहानपणचं सांगत सुटले — मला कुठून ठाऊक? ती पायाशी बसून रडली. तिला बरं वाटलं. भीती त्याची नाही. मलाही बरं वाटलं —

बुधवार, १२
नातीनं वही वाचून दाखवली. एक अख्खं पान शिवणाचं — काज, अस्तर, उसवण. मी सांगितलं नव्हतं. ती म्हणते, आजी, तूच सांगितलंस. पान फाडायला लावलं. सर्जन म्हणतो, नस शाबूत आहे. नस असेल. मी —

गुरुवार, १३
नवरा आठवत नाही. सुईत दोरा ओवता येतो. कधी शिकले —

दोन पोरी बसल्यात. एकीनं हा हात धरलाय, दुसरी लिहितेय. लिहिणारी माझी. की धरणारी —

आत्ता लिहिणारीला विचारलं, पोरी, तू कुणाची गं? ती लिहीतच राहते. मला वाचता येत नाही, पण कागद भिजलाय, एवढं दिसतं. अगं, रडू नकोस, सांग की, तू कुणा—