बॅगेच्या पट्ट्यावरचं नाव

३ नोव्हेंबर, सोमवार
लिही मिनू, अन् मधात स्वतःचं घालू नको. काल मले टीव्हीसमोरून पुन्हा उठवलं. खुनाचा सिनेमा होता. सुरुवातीले नावं येऊन राहिली होती, सारे नावं वाचण्यात गुंग. मले अक्षर येत नाही, मी माणसं पाहते. बंगल्यातून किंकाळी आली, सारे नोकर धावले, माळ्यानं आधी नळ बंद केला. मी म्हटलं, यानंच मारलं. माझा सुधाकर म्हणे, "आई, नावं तरी संपू दे." शेवटी माळीच निघाला. तरी बोलणी मलेच.

५ नोव्हें., बुधवार
नातीले, म्हणजे या लिहिणारीले, पुण्याले सिनेमा शिकायले जायचं आहे. त्यासाठी खुनाच्या गोष्टीची तीन मिनिटांची सुरुवात बनवून रविवारपर्यंत पाठवायची. शूटिंगले फोन स्टँडवर बसवला. पोट्टी बॅग घेऊन घरातून निघते, बाप हात हलवते, मग ती कोणाले दिसतच नाही. पोट्टी ही स्वतः. बाप सुधाकर, खराही अन् सिनेमातलाही. खुनी तोच, पण कळू द्यायचं नाही.
मले एका झटक्यात कळलं. बॅग देताना सुधाकर पट्टा सोडेचना.
मिनूनं कपाळ धरलं.

६ नोव्हें.
अकरा वेळा बॅग घेऊन निघाली. शेजारची दीदी दोनदा विचारून गेली, पोरगी चालली कुठं? अकराही वेळा सुधाकरनं पट्टा धरून ठेवला. "पापा, छोड़ना है बस!" "सोडला ना." कुठं सोडला.
मग हिनं अक्कल लावली. सिनेमाच्या सुरुवातीले नावं येतात ना, तसं पट्ट्यावर हात असतो तिथंच पडद्यावर मोठ्ठं नाव टाकलं. मले तरी हात दिसला, अक्षरांच्या फटीतून.
"आजी, देखने वाले सब पढ़े-लिखे होंगे."
हेही लिही. काहून थांबली?

७ नोव्हें.
सकाळी सुधाकरसंग तेलीबांध्याच्या तलावावर फिरायले गेली. विचारलं, पोट्टी गेली तर? "जाऊ दे ना, चांगलंच आहे." म्हटलं अन् चष्मा काढून पुसला. चष्म्यावर धूळ नव्हती. 
मीच मूर्ख. तीन दिवस त्याले खुनी म्हणून राहिली.

८ नोव्हें., शनिवार
मिनूले सांगितलं, तो खुन्याचा हात नाही, बापाचा आहे. त्याले तुले सोडायचं नाही.
"तो पापा बोलते क्यों नहीं?"
"हात बोलला. त्यावर तू नाव थापलं."
रुसली. दुपारभर लिहायले बसली नाही. हे संध्याकाळी लिहून राहिली, नाक ओढत. लिही, नाक ओढत.

९ नोव्हें., रविवार
मिनूनं हातावरचं नाव काढून वर कोपऱ्यात नेलं. आता हात उघडा. मले दाखवलं. "आजी, कौन दिखता है? खूनी या पापा?" तीनदा पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मले सांगता आलं नाही. हव, आता जमलं, म्हटलं.
पाच वाजेपर्यंत पाठवायचं आहे. चार वाजून गेले. पोट्टीनं कॉम्प्युटर सुधाकरसमोर ठेवला. "पापा, आप भेजो."
सुधाकर म्हणे, आधी चहा घेतो.
चहा पिऊन झाला. रिकामा कप अजून त्याच्या हातातच आहे.