लेकीच्या लग्नानंतरची पानं

४ ऑक्टोबर

खिडकी उघडत नाही! सगळा जोर लावून पाहिला. खाली जाऊन हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईला हातवारे करून दाखवलं, तर ती हसली आणि नुसती काच पुसून दाखवली. म्हणजे बघायची खिडकी. वाऱ्याची नाही.

दाराला किल्लीऐवजी पत्त्याएवढं कार्ड. कचऱ्याची टोपली बाहेर ठेवायला गेलो आणि दार मागे बंद. कार्ड आत. मी बनियनवर! शेजारच्या खोलीतून एक आडदांड म्हातारा आला, एक शब्द न बोलता स्वतःचा कोट माझ्या अंगावर टाकला आणि मला खाली घेऊन गेला. कोटाच्या बाह्या माझ्या गुडघ्यापर्यंत.

लिफ्टला माणूस नाही. मी जन्मभर इस्पितळाची लिफ्ट चालवली — लोक वर नेले, खाली आणले, त्यांची बोलणी ऐकली. निवृत्त झाल्यावर लिहून काढलं. त्याचं पुस्तक झालं, पुस्तकाचं परभाषेत भाषांतर झालं, आणि आता मी, सातवी पास, लेखकांच्या संमेलनात शिकवायला परदेशात! आठवडाभर. काय शिकवणार, कपाळ?

निघताना ही म्हणाली, "जाऊन या. मग बोलू."

काय बोलू? इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी म्हणाली नाही. विमानात डोळ्याला डोळा नाही.

५ ऑक्टोबर

वर्ग झाला. आठ-दहा जण, सगळे माझ्या मुलांच्या वयाचे, एक निवृत्त नर्स सोडून. शेजारी दुभाषी बसते. आपल्याकडचीच मुलगी, इकडे संसार थाटलाय. मला काका म्हणते. मी एक वाक्य बोललो की ती तीन बोलते. एवढं मी म्हणालो का, विचारलं. "काका, तुमच्या मनात होतं ते पण सांगितलं." आता मनावर पण लक्ष ठेवायचं!

इथली पद्धत अशी — ज्याचं लिखाण त्या दिवशी वाचायचं, त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीचे त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलतात, तो जणू खोलीत नाहीच. शेवटी त्याने फक्त "आभारी आहे" म्हणायचं. आज एका मुलीचं वाचलं. बिचारी ओठ आवळून बसली होती. स्ट्रेचरवरच्या पेशंटसारखी. डॉक्टर आपसात बोलतात आणि तो लिफ्टचं छत बघत असतो.

हिला दुपारी फोन केला. उचलला नाही. मी नसताना ही लेकीकडे राहते, गावाच्या त्या टोकाला. लेकीला लावला. "आई बाहेर गेलीय." कुठे? "येईल हो बाबा." ही कुठे बाहेर जाते? नक्की काहीतरी लपवताहेत. पडली असेल.

६ ऑक्टोबर

पडलेली नाही. सकाळी बोलली. आवाज ठणठणीत.

"काय बोलायचंय ते सांग ना आत्ताच."

"फोनवर नाही."

"डॉक्टरकडे गेली होतीस का?"

"अहो, मला काही झालेलं नाही. तुम्ही तुमचं शिकवा."

कोटवाला म्हातारा कवी आहे. आधी बेकरी होती म्हणे, पाव भाजून भाजून कविता केल्या. त्याला माझी भाषा येत नाही, मला त्याची नाही. नाश्त्याला माझ्यासमोर बसतो, पाव उलटा करतो, बुडाशी टकटक करतो आणि तोंड वाकडं करतो. कच्चा! मी पोट धरून हसलो. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

७ ऑक्टोबर

घात झाला.

तिसऱ्या दिवशी शिक्षकाचंच लिखाण घ्यायचं, अशी त्यांची रीत. कुणी सांगितलं नव्हतं! माझं पुस्तक सगळ्यांनी वाचून आणलेलं. नियम तोच — मी गप्प.

आधी नर्स बोलली. दुभाषी माझ्या कानात सांगत होती. "पुस्तकाच्या पहिल्या भागात बायको सगळीकडे आहे. स्टोव्हपाशी, दारात, लेकीच्या आजारपणात. लेकीच्या लग्नानंतर ती एकदाही येत नाही. ती गेली, हे लेखक कुठेही सांगत नाही. मी त्या पानावर थांबले आणि रडले."

मला कळेना कोण गेली!

मग सगळेच सुरू. एक म्हणाला, मोठ्या दुःखाला शब्द नसतात. दुसरी म्हणाली, हा माणूस त्यानंतर घराबद्दल लिहीतच नाही, लिफ्टमध्येच राहतो, कारण घरी जाववत नाही. इतकं धाडस आपल्याला कधी जमेल? दुभाषीचे डोळे भरले. मी उठायला गेलो, तर संमेलनाच्या संचालक बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. नियम!

अहो, ती मेलेली नाही! लेकीकडे आहे! लेकीच्या लग्नानंतर घरात सांगण्यासारखं काही घडलं नाही, म्हणून लिहिलं नाही, बस.

शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय बोलणार होतो? तोंडातून निघालं, "आभारी आहे."

नर्सने येऊन माझे दोन्ही हात धरले.

८ ऑक्टोबर

आता कुठेही गेलं की हळू बोलतात. संचालक बाईंनी फुलं पाठवली. टेबलावर ठेवलीत. त्यांच्याकडे बघवत नाही.

दुभाषीला सांगायचं ठरवून गेलो. तीच आधी म्हणाली, "काका, माझी आई पण अशीच गेली. कुणाशी बोलता आलं नव्हतं. काल मी नवऱ्याशी बोलले." कसं सांगू?

तेवढ्यात हिचा फोन! जिन्यात पळालो. परत आलो तर दुभाषी विचारते, कोण होतं? मी म्हटलं, लेक. आता खोट्यावर खोटं. इथे मी लपतोय आणि तिथे फोनवर तिला म्हणतोय, सगळं झकास चाललंय.

बेकरीवाला कवीही विधुर आहे. मला त्याने फोटो दाखवला. लठ्ठ, हसरी बाई, अंगभर पीठ. मग माझ्याकडे बघून तळहात पुढे केला. तुझ्या बायकोचा दाखव. माझ्याकडे नव्हता. तिचा फोटो माझ्या फोनमध्ये नाही! लेकीच्या लग्नातल्या फोटोत तिचा अर्धा खांदा आलाय, तेवढाच. तो दाखवला. त्याने त्या खांद्याकडे किती वेळ पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

९ ऑक्टोबर

एकच उपाय. राहून गेलेली पानं लिहायची आणि परवा समारोपाला वाचायची. लेकीच्या लग्नानंतरची बायको. ती जिवंत आहे हे आपोआप सगळ्यांना कळेल. कुणाचा अपमान नाही, माझीही अब्रू राहील.

वर्ग लवकर सोडला आणि लिहायला बसलो. सकाळी ती चहा देते. लिहिलं. मग मी वाचनालयात लिहायला जातो. संध्याकाळी येतो, ती जेवायला वाढते. लिहिलं.

मधे काय?

दुपारी ती काय करते? झोपते? झोपत नाही, पहिल्यापासून नाही. शेजारी जाते? शेजारची तर बदलून गेली. दुपारी तिने काय केलं, असं मी कधी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं असेल. मी पुस्तकात असायचो. लिफ्टमधल्या परक्या बायका काय बोलल्या, शब्द न् शब्द आठवतो! कुणाची सवत, कुणाच्या ऑपरेशनचा दिवस. आणि हिचं एक वाक्य आठवेना.

कागद फाडून टाकला. खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. काच गार.

१० ऑक्टोबर

हिला सगळं सांगून टाकलं. मनात धाकधूक, म्हणेल, जिवंतपणी मारलंत!

ती हसायला लागली. हसता हसता ठसका लागला. लेकीला हाक मारली, "अगं ऐक, तिकडे मी वारलेय, आणि फुलं पण आली!" दोघी हसताहेत. माझा जीव भांड्यात पडला. मीही हसलो.

मग ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तिच्या लग्नानंतर मी पुस्तकात नाही ते."

"तू वाचलंस?"

"दोनदा. मला वाटलं, पानं चिकटली असतील. बोट ओलं करून बघितली."

तिकडे भांडी वाजल्याचा आवाज.

"अहो, आलात की सरळ लेकीकडेच या. आपल्या घराला कुलूप आहे. मी आता इकडेच राहणार. तेच बोलायचं होतं."

"म्हणजे? किती दिवस?"

"या तर. मला उशीर होतोय."

कशाला उशीर? फोन ठेवला.

११ ऑक्टोबर

समारोप. वाचायला काही नव्हतं. दुभाषीला कोपऱ्यात घेऊन सांगितलं — माझी बायको जिवंत आहे.

"काका! मी चार दिवस तुमच्यासाठी रडतेय!" इतक्या मोठ्याने ओरडली की जेवणाऱ्यांचे चमचे थांबले. मग म्हणाली, "आता तुम्हीच सांगा. मी सांगेन तेवढंच, मनातलं घालणार नाही."

उभा राहिलो. सांगितलं. माझ्या पुस्तकात दुःख नव्हतं, तिच्याकडे मी बघितलंच नव्हतं. तुम्ही ज्याला धाडस म्हणालात ते माझं दुर्लक्ष होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं. नर्सने हात वर केला. "मग इतकी वर्षं ती होती कुठे?"

म्हटलं, माहीत नाही.

बेकरीवाला मागच्या रांगेत होता. वाटलं, हा आता तोंड बघणार नाही. बाहेर पडलो तर दारात वाट अडवून उभा. रागाने लालबुंद. दुभाषीला काहीतरी म्हणाला. ती सांगेना. मी म्हटलं, सांग.

"म्हणताहेत, जिवंत आहे? मग तू इथे काय करतोयस?"

विमान उद्या आहे. बदलून मिळत नाही. बॅग भरून पलंगावर बसलोय. बूट पण घातलेत.

१३ ऑक्टोबर

बॅग घेऊन सरळ लेकीकडे. ही घरात नाही. "आई कामावर गेलीय," लेक म्हणाली. कुठल्या कामावर? "पाळणाघरात, या गल्लीच्या टोकाला. तुम्ही पुस्तक लिहायला बसलात ना बाबा, तेव्हापासून. आधी रोज दोन बसा बदलून यायची. तुम्ही घरी यायच्या आत परत."

चालत गेलो. फाटकातून पाहिलं. वीसेक पोरं रांगेत उभी, आणि पुढे ही, पदर खोचून, गळ्यात शिट्टी. एक पोरगी ठणाणा करत आली, "कप्तान, याने माझा बूट झाडावर फेकला!"

कप्तान!

मला बघून शिट्टी तोंडातून काढली. "बाहेर बाकावर बसा," म्हणाली. "मला सुटायला वेळ आहे."

बसलोय.