रिकामी बैलगाडी

३ नोव्हें., सोमवार

दिवसभर सेंटरवर दुसऱ्यांचे फॉर्म भरले. उत्पन्नाचा दाखला, रेशनचं केवायसी, परत उत्पन्नाचा दाखला. एका बाईंना उत्पन्न कमी करून लिहायचं होतं. मी नाही म्हटलं. "तू ओळखीची म्हणून एवढ्या लांब आले," म्हणाल्या आणि समोरच्या दुकानात गेल्या. तिथे हवं ते मिळालं असणार. डोकं दुखतंय.

घरी आले तर अनंतकाका ओटीवर. बाबांचे चुलतभाऊ, वाडीच्या नमन मंडळाचे अध्यक्ष. रत्नागिरीच्या नमन स्पर्धेचा अर्ज घेऊन आलेले. मंडळाला पहिल्यांदाच बोलावलंय. "वाडीत बी.ए. एकच, तिनंच भरायचा." मुदत वीस तारीख. नमनातल्या सोंगा-गाण्यांनंतर होणारा वग अर्थात बाबांचा, 'पाटलाचा जामीन'. मी सातवीत असल्यापासून दर वर्षी होतो. तरी लोक रडतात.

५ नोव्हें., बुध.

सेंटरच्या मॅडमनी जुना लॅपटॉप थोडे दिवस घरी न्यायला दिला. सीडीचा ट्रे अजून उघडतो. एकदम बाबांचा डबा आठवला. बोटीवर मेसमन होते, खलाशांना जेवण वाढायचं काम. तेव्हा अमेरिकेच्या बंदरातून आणलेला. घोडेवाल्यांची जुनी काळी-पांढरी टीव्ही मालिका, तिच्या डीव्हीडी. चौदा वर्षं शोकेसमध्ये. आमच्या प्लेअरवर एकदाही लागली नाही. तिकडच्या डिस्क इकडच्या प्लेअरवर चालू नयेत अशीच सोय केलेली असते म्हणे, आज वाचलं. लॅपटॉपवर सेटिंग बदललं की चालतात.

रविवारी बाबांना लावून देणार. गुडघ्यांमुळे बोट सुटली, तेव्हापासून त्यांना आनंद वाटेल असं काही... आधी मी एकदा बघून घेते.

८ नोव्हें., शनि.

पाचवा भाग बघितला. नसता बघितला तर बरं.

एका गावचा शेरीफ. कोठडीत कैदी. कैद्याची आई मरते. शेरीफ त्याला मातीला जाऊ देतो, संध्याकाळपर्यंत परत ये म्हणतो, आणि जामीन म्हणून स्वतः कोठडीत बसतो. गाव बाहेर जमतं. ऊन उतरतं. टापा ऐकू येतात. खिडकीतला म्हातारा सांगतो, घोड्यावर कोणी नाही.

आमच्या वगात पाटील असतो. पडद्यामागे बैलांचे घुंगरू वाजतात आणि कोतवाल म्हणतो, "गाडीत कोन नाय, पाटील." या वाक्याला आई दर वर्षी पदर डोळ्यांना लावते.

पुढचं वेगळं आहे. आमच्याकडे नदीला पाणी आलेलं, बैल बुजून पळालेले, आणि कैदी पोहून, चिखलाने माखून पाटलासमोर येऊन उभा राहतो. तिथे तो येतच नाही. शेरीफ त्याला शोधून काढतो, गोळी घालतो. संपलं.

अर्ज काढला. रकाना सात: संहिता स्वतंत्र / आधारित. आधारित असल्यास मूळ लेखकाचे परवानगीपत्र जोडावे, अन्यथा प्रवेश नाही. अर्ज परत घडी करून ठेवला.

९ नोव्हें., रवि.

बाबांना नुसता डबा दाखवला, लॅपटॉपवर लागतो म्हटलं. आधी हसले. मग, "राव दे गो बाय. कशाला आता." आणि खळ्यात वाळत घातलेलं भात परतायला गेले. भात आईने मघाशीच परतलं होतं.

१२ नोव्हें., बुध.

विचारलंच.

"बाबा, वग तुमचा?"

"मग काय अनंताचा?"

"पाचवा भाग बघितला मी."

पायरीवर बसले. बराच वेळ सुपारी कातरत होते, तोंडात टाकली नाही. मग सांगितलं. बोटीच्या मेसमध्ये टीव्ही होता, हे मागे थाळ्या पुसत उभे. इंग्रजी कळत नव्हतं. "तोंडा कळायची. आय मेलेल्या मान्साचा तोंड कुठं येगळा असतो?" घोडा रिकामा आला आणि नेमकी जेवणाची घंटा झाली. शेवट बघायचा राहिला. परत तो भाग लागला नाही.

"बंदरावर डबा दिसला तो शेवटासाठीच घेतला. घरी आनला तर लागना. मग मीच लावला शेवट."

आणि माझ्याकडे न बघता, "आला काय गो तो परत?"

आईने हाक मारल्यासारखं करून मी आत गेले. आईने हाक मारली नव्हती.

१६ नोव्हें., रवि.

अ. काकांना सांगितलं. वाटलं होतं, समजून घेतील.

"लिव स्वतंत्र. अमेरिकेवरनं कोन येतंय बघाया?"

कोणी आलं नाही तरी खोटं ते खोटंच, असं काहीतरी म्हटलं मी. म्हणताना माझं मलाच शाळेतल्या भाषणासारखं वाटलं.

"मंबईची पोरं रजा टाकून येतायत. तुझ्या बापाचा नाव पयल्यांदा पेपरात येल. इतकी शिकलीस ती त्याला खाली बघाया लावाया?"

आतून आई म्हणाली, "भावजी, चाय निवतेय." काका चहा न घेता गेले. बाबा ओटीवरच होते. सगळं ऐकलं त्यांनी.

रोज सेंटरवर लोकांना 'जे आहे ते लिहा' सांगते. सोपं आहे ते.

१८ नोव्हें., मंगळ.

बाबा आपणहून म्हणाले, "लाव. घोडा येईस्तवर."

शेजारी बसले. शेरीफ बोलायचा तेव्हा त्यांचे ओठ हलत होते, पाटलाची वाक्यं, मराठीत, थोडी आधीच. घोडा दिसला तसा त्यांनी कीबोर्डवर अख्खा पंजा ठेवला. कुठली बटणं दाबली गेली कोण जाणे, चित्र थांबलं.

"हितवर त्यांचा. पुढं माजा. तसाच लिव."

"तसा रकाना नाही, बाबा."

"मग तू पाड रकाना. शिकलीस ना?"

२० नोव्हें., गुरु.

सुट्टी घेऊन रत्नागिरीला जाऊन अर्ज दिला. कशावरच खूण केली नाही. रकाना सातच्या खाली पेनाने लिहिलं: रिकामी गाडी येईपर्यंतची गोष्ट एका अमेरिकन टीव्ही मालिकेची, परवानगी नाही. तिथून पुढची माझ्या वडिलांची, त्यांनी मूळ शेवट पाहिलेला नाही. टेबलावरच्या गृहस्थांनी दोनदा वाचलं. "असं चालत नाही हो." मग म्हणाले, ठेवून जा, वर विचारतो, फोन करतो. येताना एस.टी.त बसून झोपच लागली.

काका बोलत नाहीत. पण देवळात तालीम चालू आहे, घुंगरू इथवर ऐकू येतायत.

लॅपटॉप उद्या परत करायचा. उघडला तर भाग तिथेच थांबलेला, घोड्यावर.

"बाबा, पुढचं बघायचंय? उद्या नेणार मी हा."

"फोन आला काय?"

"नाही."

"मग राव दे. शेवट बघितला नाय असा लिवलंयस ना तू."

थोड्या वेळाने म्हणाले, "तू बघितलंस ना पुढचा."

"हो."

नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी मान खाली घालून चार्जरची वायर गुंडाळत बसले. झाली गुंडाळून. सोडली, परत गुंडाळली.