रेघ बाहीवर गेली

प्रिय छकुले,

बाबा गेल्यापासून मी फोनवर तासन्‌तास तुझं डोकं खाते, त्यावरचा उतारा म्हणून तू मला चित्रकलेच्या वर्गात घातलंस. तक्रार नाही. पण तिथे काय चाललंय ते एकदा सविस्तर कळवायला हवं. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, आणि आज मला मध्ये थांबायचं नाही.

आमच्या बाई तुझ्याहूनही धाकट्या. पहिल्याच दिवशी त्यांनी समोर एक ढोबळी मिरची ठेवली. म्हणाल्या, नजर हिच्या कडेवरून मुंगीच्या चालीनं फिरवा आणि पेन्सिल त्याच चालीनं कागदावर फिरू द्या. पेन्सिल उचलायची नाही, कागदाकडे तर बघायचंच नाही. आता कागदाकडे न बघता कुणी काही काढतं का? मी आपली हळूच एक नजर टाकली, आणि बाईंनी मला पकडलं. छकुले, मुख्याध्यापिका म्हणून जन्मभर कॉप्या पकडल्या आणि म्हातारपणी भर वर्गात मीच सापडले! बाईंनी एक कागदी ताटली आणली आणि माझी पेन्सिल तिच्या मधोमध खुपसली, म्हणजे हात आणि कागद दोन्ही झाकलेले. अख्ख्या वर्गात ताटली मिळालेली मी एकटीच. माझी मिरची जुन्या मोज्यासारखी झाली, तरी बाई म्हणाल्या, छान. इतका खोटा शेरा मी तरी कुणाच्या वहीवर दिला नाही.

माझ्या शेजारी एक निवृत्त दंतवैद्य बसतात. पुढच्या वेळी ते स्वतःच घरून ताटली घेऊन आले. म्हणाले, मला गरज नाही, पण तुम्ही एकट्यानंच शिक्षा भोगावी हे काही बरं दिसत नाही.

मग बाईंनी जोड्या लावल्या, माझ्या वाट्याला हेच दंतवैद्य. समोरासमोर बसून एकमेकांचे चेहरे काढायचे, नियम तेच. मी टक लावून बघितलं की समोरचा गुपचूप च्युइंगम गिळतो, हा माझा आजवरचा अनुभव. हे मात्र मजेत बसून राहिले. मी कानापासून निघाले, गालावरून हनुवटीला वळसा घातला, डोळ्यांपाशी पोचले आणि तिथेच रेंगाळले. कितीतरी वर्षांत मी कुणाकडे इतकं नीट बघितलं नव्हतं, आणि माझ्याकडेही कुणी नाही. बाबा गेल्यापासून लोक माझ्याशी जमिनीकडे बघून बोलतात. तूही येतेस तेव्हा माझी कपाटं आवरत आवरत बोलतेस. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

बाई थांबा म्हणाल्या ते आम्हा दोघांना ऐकूच आलं नाही. वर्गात खसखस पिकली तेव्हा कुठे मी खाली बघितलं. माझी रेघ कागदावरून उतरून, टेबल ओलांडून, थेट त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या डाव्या बाहीवर चढली होती! त्यांना म्हणे ते कळलं होतं, पण ज्याचं चित्र काढतात त्यानं हलायचं नसतं. त्यांनी काढलेल्या माझ्या चित्रात नाक कपाळावर होतं आणि तोंडात सगळेच्या सगळे दात. माझं तोंड तर मिटलेलं! बाई म्हणाल्या, दिसतं तेवढंच काढा, माहीत असलेलं नको. तर म्हणतात कसे, आजवर माझ्यासमोर तोंड मिटून कुणी बसलेलंच नाही, हात सवयीनं गेला. मी इतका वेळ गप्प बसले होते हे तुझ्या बाबांना कळलं असतं, तर त्यांनी डॉक्टर बोलावला असता.

शर्ट धुऊन देते म्हटलं तर द्यायला तयार नाहीत. उलट गेल्या आठवड्यात त्यांनी सरळच विचारलं, पुढचे दिवस एकत्र काढू या का? त्यांची बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. छकुले, मला हो म्हणायचंय. बाबांची जागा बाबांचीच आहे, पण जेवताना समोरची रिकामी खुर्ची आता बघवत नाही. आधी लेकीला विचारते, असं मी त्यांना सांगितलंय. फोनवर तू मध्येच तोडलं असतंस तर पुढचं बोलायचा धीर झाला नसता, म्हणून हे पत्र, पेन एकदाही न उचलता. तुझी आत्या काय म्हणेल ते मागाहून बघू. येत्या रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. ते तोच शर्ट घालणार आहेत, ऐकतच नाहीत. बाहीकडे बघून हवं तेवढं हस. पण कपाटं राहू देत, समोर बस, माझ्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघ, आणि मग काय ते सांग.

तुझीच,
ताटलीवाली आई