प्रत्येकाचा एकेक हात

४ जून

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. हाताला जरा लागलंय, त्यामुळे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत. आईला हाताचं सांगू नकोस. कामाचं म्हणशील तर दुरुस्तीला आलेल्या बसगाड्यांची रांग फाटकापर्यंत गेली आहे. गेल्या आठवड्यात आमच्या वर्कशॉपमधला बॅटरीचोर सापडला. नवा रंगारी. पोलिसांत देण्याआधी सगळ्यांनी मिळून त्याला चांगली अद्दल घडवली. बाकी ठीक. आईचा गुडघा काय म्हणतो?

तुझा,
ठोंब्या

११ जून

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं अक्षर पहिलीपासून असंच आहे, हाताला कशाला दोष देतोस? आईचा गुडघा कुरकुरतो, पण आई त्याच्यापेक्षा जास्त कुरकुरते, तेव्हा प्रकृती उत्तम आहे.

हाताचं गाळून तिला पत्र वाचून दाखवताना रंगाऱ्यापाशी माझी जीभ अडखळली. सगळ्यांनी म्हणजे कुणी? लहानपणी काच फुटली की तू असंच सांगायचास, सगळ्यांनी फोडली म्हणून. तुझा हात कशाने दुखावला? मला गोल गोल उत्तर नको.

तुझी वाट पाहणारी,
आक्का

१९ जून

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

जेवणाच्या सुट्टीत मुकादमाने शटर खाली ओढलं. रंगाऱ्याला बसच्या चाकाला बांधलं होतं. मुकादम म्हणाला, प्रत्येकाने त्याला एकेक हात ठेवून द्यायचा, म्हणजे उद्या कुणी कुणाकडे बोट दाखवायला नको. जो मागे राहील त्याला चोराचा जोडीदार समजू.

पहिले दोघं हसतच पुढे गेले. बसचे पत्रे ठोकणाऱ्या पत्रेवाल्याने कमरेचा पट्टा काढला. रंगारी आधी सांगत होता की मी बॅटऱ्यांना हातही लावला नाही. मग तो सांगायचा थांबला. त्याच्या तोंडातून नुसतं रक्त येत होतं. माझी पाळी आली तेव्हा माझ्या हातात लोखंडी पान्हा होता. तो खाली ठेवावा, एवढंही सुचलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी तोच त्याच्या तोंडावर घातला. हाड मोडलेलं मला कोपरापर्यंत जाणवलं. पान्हा निसटला, हात चाकाच्या बोल्टवर आपटला आणि माझा तळवा फाटला.

माझ्यानंतर वेल्डरकाका होते. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि शांतपणे म्हणाले, मी नाही मारणार. त्यांच्या मागचे होते तेही मग हळूच मागे सरकले. कुणीतरी शटर उघडलं.

आक्का, काका माझ्याआधी उभे असते तर मीही नाही म्हटलं असतं. तो चोर आहे असं मला क्षणभरही वाटलं नव्हतं. नंतर हात धुताना पत्रेवाला पुटपुटला की त्यालाही वाटलं नव्हतं. बाकीच्यांना वाटतंय, असं प्रत्येकजण धरून चालला होता. भीती म्हणशील तर होती, पण चाकाला बांधलं जाण्याची कमी आणि त्या घोळक्यात एकटं पडण्याची जास्त.

तुझा,
ठोंब्या

२५ जून

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

आज थट्टा सुचत नाही. काका तुझ्याआधी असते तर, असं लिहितोस. तू काकांच्या आधी होतास. नाही म्हणायला कुणाच्या मागे उभं राहावं लागत नाही रे.

तुला मी कडेवर खेळवलंय, म्हणून पाठीशी घालीन असं समजू नकोस. आधी त्या माणसाला भेट. मग पोलिसांना सगळं सांग, आणि सुरुवात स्वतःपासून कर. भीती वाटेल. वाटू दे. वेळेवर जेवत जा.

तुझी,
आक्का

१७ जुलै

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

मी सांगतोय आणि वॉर्डातल्या नर्सबाई लिहून घेतायत. घाबरू नकोस, जिवावरचं टळलंय.

रंगाऱ्याला इस्पितळात जाऊन भेटलो. त्याचा डावा डोळा गेला. त्याने एकच विचारलं, मी चोर आहे असं तुम्हाला वाटलं होतं का? मी नाही म्हणालो. तो म्हणाला, हो म्हणाला असतात तर बरं झालं असतं, रागाने मारलेलं निदान समजतं. मग त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी उठलो तो थेट पोलिसांत गेलो.

दुसऱ्याच दिवशी गाड्या धुण्याच्या जागी वर्कशॉपमधल्यांनी मला घेरलं. उजवा हात मोडला, बरगड्या गेल्या, दात पाण्याबरोबर गटारात वाहून गेले. खाली पडल्यावर मला सगळ्यांची तोंडं दिसत होती. आक्का, एकाच्याही तोंडावर राग नव्हता. लाथ घालण्याआधी प्रत्येकजण शेजारच्याकडे बघून घेत होता. वेल्डरकाका ओरडत धावून आले म्हणून वाचलो.

मुकादमाला अटक झाली आहे. काल पत्रेवालाही जबाब देऊन आला. माझ्यावर खटला उभा राहील. वकील म्हणतात, घोळक्यात कुणाचा घाव कुणाचा ते कळलं नाही असं सांगा, सुटाल. मी म्हटलं, मला कळलं होतं.

लोभ असावा, असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण नर्सबाई पेन धरून थांबल्या आहेत, म्हणून म्हणतो. असावा.

तुझा,
ठोंब्या