डावखुरा बोकड

४ फेब्रुवारी, सकाळ
या घरात मला कुणी काही विचारत नाही. गॅस बंद केला का, एवढंच. नात महिनाभर काचेखाली दिवा लावून कार्टून काढतेय. कॉलेजचं शेवटचं वर्ष. बोकड न्हावी सिंहाची दाढी करतो. पांढरे हातमोजे, रबरासारखे हात, रंग नाही. अगदी जुन्या काळी काढायचे तसंच हवं म्हणे, काही चुकलं तर सर नापास करतील. आणि जुना काळ इथे खाटेवर बसलाय, त्याला विचारायला नको?

दुपारी
मग मीच सांगितलं. वस्तरा उजव्या हातात कसा? जुन्या कार्टुनात सगळे डावखुरे. लहानपणी तंबूतल्या सिनेमात या डोळ्यांनी पाहिलंय, पुढच्या रांगेत, खुर्चीवर बसून. नात म्हणाली, पुस्तकात असं कुठे नाही. म्हटलं, पुस्तक लिहिणारा तंबूत होता का?

६ फेब्रुवारी
नातीने कॉम्प्युटरवर चित्र आरशासारखं फिरवून पाहिलं. बोकड झाला डावखुरा, पण दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी. म्हणून आता प्रत्येक कागदावर बोकड नव्याने काढणार. मला मात्र ती उलटी पाटी ओळखीची वाटली. सिनेमातली अक्षरं अशीच दिसायची. तेव्हा वाचता येत नव्हतं, पण आकार ध्यानात आहेत.
फिल्मच्या शेवटी माझं नाव येणार: जुन्या काळाची माहिती, आजी. सूनबाईला दोनदा वाचायला लावलं.

९ फेब्रुवारी
धाकटा भाऊ आला. नात घरी नव्हती ते बरं. बोकड बघून हसत सुटला. म्हणाला, "अक्का, आपण खुर्चीवर कधी बसलो गं? स्वस्तात पडद्याच्या मागे बसायचो. मागून डाव्याचं उजवं दिसणारच."
म्हटलं, तू तेव्हा शेंबडा होतास, तुला काय आठवतंय. चहात त्याच्या साखर घातली नाही.
तो गेल्यावर आठवलं. पलीकडचं दिसावं म्हणून पडद्यावर पाणी मारायचे, ते आमच्या पायांवर ठिबकायचं.
पण मी खोटं काय बोलले? दिसलं ते सांगितलं. खुर्ची तेवढी पदरची. उद्या सांगते.

१० फेब्रुवारी
नाही सांगितलं. काढून काढून पोरीची मान आखडलीय, अशात कशाला. तेल चोळून दिलं.

११ फेब्रुवारी
आज खुशीत होती. खुशीत असलेल्या माणसाला मोडता घालू नये.

१३ फेब्रुवारी
सूनबाई म्हणते, तुम्ही न सांगता भांडी घासताय, बरं वाटत नाही का? वाटेल काय बरं? पोरीचं बोट सुजलंय. चिकटपट्टी गुंडाळून डावा वस्तरा काढतेय. बघवेना, म्हणून तिच्या पेन्सिली घेऊन बाहेर आले. टोक काढायला बाहेर उजेड चांगला असतो. निश्चय: रविवारी, जेवणं झाल्यावर, सगळ्यांसमोर.

१७ फेब्रुवारी, रविवार
सगळ्यांसमोर नको. सूनबाईच्या हाती आयतं कोलीत. एकटीला गाठून सांगेन. आणि एवढं काय जळतंय? सर तरी कुठे तंबूत होते? डाव्या हाताने दाढी होत नाही का?
जेवण गेलं नाही. वांगं वातूळ असतं.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ
उद्या परीक्षा. आज सांगितलंच. म्हणजे सांगायला गेले. दार लोटलं, खाकरले, तर नात मान वर न करता म्हणाली, मामाआजोबांचा फोन आला होता.
मी दाराला धरून उभी. विचारलं, कधी? म्हणाली, परवा. मी म्हटलं, मग बोकडाचा हात बदललास का? म्हणाली, सगळे कागद पुन्हा काढायला वेळ कुठे उरला होता?
म्हटलं, अगं, मी सांगणारच होते. ती म्हणाली, मी दोन दिवस त्याचीच वाट बघत होते.
तिने दिवा बंद केला, कागदांची चळत नीट केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.
"डाव्या हाताचं सर विचारणारच. मी तोंड उघडणार नाही. सकाळी आवरून बस, माझ्याबरोबर यायचंय. कुठे बसून पाहिलंस ते तू सांगायचंस."